डोंगर उतरल्यावर

फाल्गुन लागला की आमच्याकडच्या जंगलात मोहाच्या झाडांखाली जमीन काळी दिसू लागते. बायका आधीच येऊन पालापाचोळा लोटतात, पेटवतात आणि जागा साफ करून ठेवतात, म्हणजे पहाटे गळलेलं फूल पाचोळ्यात हरवत नाही. त्या जाळापायी वणवे लागतात, वनखातं दरवर्षी बजावतं, तरी जागा साफ होतच राहतात. उजाडायच्या सुमाराला त्या काळ्या जमिनीवर फुलं पसरलेली असतात. फिकट पिवळी, मांसल, रसानं फुगलेली. एखादं बोटांत धरलं तर दबतं आणि बोटाला असा चिकटपणा येतो की पाण्यानं जाता जात नाही. वास गोडच, पण त्या गोडाच्या तळाशी काहीतरी आंबूस, जरासं उग्र असतं. ज्यांचं बालपण पूर्व विदर्भातल्या आमच्या झाडीपट्टीत गेलं त्यांना हा वास डोळे मिटूनही ओळखू येतो. मग त्यातल्या कुणाला आजीचं अंगण आठवतं, तर कुणाला रात्री उशिरा अडखळत घरी येणारा बाप.

आमची चालणाऱ्यांची टोळी या दिवसांत हमखास बाहेर पडते. ऊन अजून सोसण्यासारखं असतं, पळस पेटलेला असतो आणि झाडांची पानं झडल्यामुळे जंगलात लांबवर नजर जाते. आम्ही काही गिर्यारोहक नव्हे. ब्रह्मपुरीतल्या शाळा-कॉलेजांत शिकवणारे तिघे-चौघे, बँकेतला एक मित्र, निवृत्त झालेल्या आमच्या सिस्टर, तळोध्याकडे धानाची शेती करणारा एक जण आणि कुणाची ना कुणाची मोठी झालेली मुलं. बायका आणि पुरुष सारखेच. सह्याद्रीतल्यासारखी इथे किल्ल्यांची रांग नाही, दर रविवारी पाठीवर सॅक लावून निघणारी पोरंही कमीच. आमच्याकडे जंगलात जायचं तर आधी वाघाचा विचार करावा लागतो. वनखात्याला विचारायचं, गावातला माणूस सोबत घ्यायचा, अंधार असेपर्यंत रस्ता सोडायचा नाही आणि ऊन चढायच्या आत परतायचं. ब्रह्मपुरीच्या जंगलात वाघ आणि माणूस इतक्या जवळ राहतात की फिरायला जाणं ही साधी गोष्ट उरलेली नाही. मोह वेचायला वाकलेली बाई वाघाला बाई दिसत नाही, असं इथले लोक सांगतात. दर हंगामात अशी एखादी बातमी येतेच आणि त्या दिवशी गावातल्या कुठल्याही अंगणात मोह वाळताना दिसत नाही.

आम्ही पुन्हा पुन्हा जातो तो डोंगर नागभीड तालुक्यातला, पेरजागड. लोक त्याला सातबहिणींचा डोंगर म्हणतात. घोडाझरीच्या जंगलातून तो एकदम वर आलेला दिसतो, माथ्याशी उघडे कातळ आणि खाली साग, मोह, तेंदू, बांबू. 2018 साली घोडाझरीला अभयारण्याचा दर्जा मिळाला. त्याआधीही हे जंगल असंच होतं, फक्त त्याला अभयारण्याचं नाव आणि हद्द नव्हती. पायथ्याशी पोचलो की आमचा वाटाड्या सगळ्यांच्या कपड्यांचा वास घेतल्यासारखा जवळून फिरतो. अत्तर लावलेलं नको, तेल-पावडरीचा घमघमाट नको, विडी-काडी तर नकोच. वरच्या कपारींना आग्या मोहोळ असतं आणि ते उठलं की पळायला जागा नाही. मधमाश्यांच्या हल्ल्यात इथे आलेल्या माणसांचे जीव गेले आहेत. "वरतं गेल्यावर आवाज काडू नका जी," तो म्हणतो, "त्यायले राग येते." त्याच्या बोलण्यात भीती नसते. घरातल्या एखाद्या तापट वडीलधाऱ्याबद्दल सांगावं तसा त्याचा सूर असतो.

मग आमची गडबड आपोआप थांबते. एरवी एकमेकांचं बोलणं तोडणारी आम्ही माणसं तासभर गप्प चालतो. मैत्री बोलण्यातून वाढते असं आपण मानतो, पण पुढच्याच्या टाचेवर नजर ठेवून चढत गेलं की माणूस वेगळाच कळतो. बँकेतला मित्र चढावर कधी थांबतो, सिस्टरांचा डावा गुडघा कुठल्या उंचीच्या दगडाला कुरकुरतो, आपण दमलोय हे कुणाला कबूल करायचं नाही, हे सगळं न विचारता समजतं. वाटेत कुलूचं एखादं पांढरं, निष्पर्ण झाड उन्हात चमकत असतं. त्याच्या बुंध्याला हात लावायचा मोह कुणालाच आवरत नाही. साल गुळगुळीत आणि पहाटेची थंड. हात लावून झाला की जो तो आपला पुढे चालू लागतो.

माथ्यावरून घोडाझरीचं पाणी दिसतं. ब्रिटिश काळात बांधलेला हा तलाव अजून खालच्या धानाला पाणी देतो. त्याच्या पलीकडे जंगलाच्या आणि शेतांच्या पट्ट्या आणि मधूनमधून बोड्यांचं, म्हणजे छोट्या तळ्यांचं, चकाकतं पाणी. पूर्वीच्या मालगुजारांनी बांधलेल्या तलावांचा हा मुलूख. कोहळी समाजाच्या लोकांनी पाण्याचा उतार नजरेनं मोजून बांधलेले बांध अजून टिकून आहेत. वरून पाहिलं की कळतं, इथल्या माणसांनी डोंगर फोडले नाहीत, त्यांवरून येणारं पाणी तेवढं अडवलं. सातबहिणींना नारळ वाहणारी माणसं आमच्याआधी येऊन गेलेली असतात. डोंगर चढणं ही आमच्याकडे मुळात हौस नव्हतीच. माणसं वर जात ती देवाकडे. गडचिरोलीतल्या टिपागडावर माथ्याशी तळं आहे आणि तिथल्या देवाची जत्रा भरते. एटापल्लीकडच्या सूरजागडावर ठाकूरदेवाच्या यात्रेला आसपासची माडिया-गोंड गावं चढून जातात. आज त्याच सूरजागडाचं लोखंड ट्रकांतून खाली उतरतं. देवाला चढून जायचं आणि खनिजानं खाली यायचं, दोन्ही एकाच डोंगरावर. ते ट्रक आलापल्लीच्या रस्त्यावर समोरून आले की मी खिडकीबाहेर बघत नाही.

उतरताना पाय लटपटतात, घसा कोरडा पडतो आणि सगळ्यांच्या मनात एकच प्रश्न असतो : आता बसायचं कुठे?

हा प्रश्न वाटतो तितका साधा मी समजत नाही. आमच्या एका मैत्रिणीची मुलगी इंग्लंडमध्ये असते. ती सुट्टीच्या दिवशी मित्रमैत्रिणींबरोबर डर्बीशायरच्या टेकड्यांवर चालायला जाते आणि शेवटी गावातल्या पबमधले फोटो पाठवते. जुन्या दगडी घराची खोली, शेकोटी, टेबलाखाली कुत्रं, शेजारच्या टेबलावर आजी-आजोबा आणि एक लहान मूल. चिखलाचे बूट दाराशी. कुणाच्या हातात बिअर, कुणाच्या चहा. मैत्रीण ते फोटो आम्हाला दाखवते तेव्हा मला हेवा वाटतो तो त्या पेल्याचा नाही. चालून आलेली बाई तिथे सहज पाय पसरून बसली आहे आणि तिच्याकडे कुणी वळून बघत नाही, याचा. त्याच टेकड्यांवर, किंडर स्काउटच्या पठारावर, 1932 साली मँचेस्टरचे कामगार शेकड्यांनी चढून गेले होते. जमीन मालकांची, शिकारीसाठी राखलेली, आणि सामान्य माणसाला तिच्यावर पाऊल ठेवायची बंदी. त्या चढाईसाठी पाच जणांना तुरुंगात जावं लागलं. आज तिथे कुणीही चालतं. चालण्याचा हक्कही कुणीतरी मिळवलेला असतो, हे मला त्या फोटोंमुळे पहिल्यांदा नीट कळलं. आपल्याकडे धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाला वनहक्क कायद्याखाली 2009 मध्ये आपल्या जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, तेव्हा पिढ्यान्‌पिढ्या ज्या वाटांनी पाय चालत होते त्या वाटा कागदावर त्यांच्या झाल्या.

पण चालून झाल्यावर बसायची जागा? डांबरी रस्त्याला लागलं की बारच्या पाट्या दिसतात. आमच्यातल्या दोघांना तिथे थांबायला आवडलं असतं, आणि ते चांगले, संयमी मित्र आहेत. अडचण अशी की आमच्यातली अर्धी माणसं त्या दारातून आत जाऊ शकत नाहीत. कायद्यानं कुणी अडवत नाही. आत बसलेल्या नजरा मात्र अडवतात, आणि त्यांच्याही आधी आपलं स्वतःचं ऐकीव, पाहिलेलं, सोसलेलं अडवतं. आमच्या सिस्टरांनी प्राथमिक आरोग्य केंद्रात नोकरी काढली. सोमवारी सकाळी कुठल्या बाईच्या अंगावर कसले वळ असतात हे त्यांना विचारायला लागत नसे. त्या बारच्या पाटीकडे बघतसुद्धा नाहीत.

आमच्या चंद्रपूर आणि शेजारच्या गडचिरोली या दोन जिल्ह्यांत दारू हा विषय हसण्यावारी न्यायचा नाही. गडचिरोली 1982 मध्ये चंद्रपूरपासून वेगळा झाला. तिथे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 1986 मध्ये काम सुरू केलं, गावोगावच्या लोकांनी दारूमुक्तीचा आग्रह धरला, आणि 1993 पासून तो जिल्हा दारूबंदीत आहे. चंद्रपूरच्या बायकांना त्यानंतर बावीस वर्षं वाट पाहावी लागली. डिसेंबर 2010 मध्ये चिमूरहून नागपूरला, विधिमंडळाच्या अधिवेशनावर, हजारो बायका पायी चालत गेल्या. श्रमिक एल्गार या संघटनेच्या पारोमिता गोस्वामी यांनी त्या मोर्चाचं नेतृत्व केलं. मला वाटतं, आमच्या भागात माणसांनी मिळून केलेली ती सगळ्यात मोठी चाल. त्या बायकांनी सुट्टीचा दिवस निवडला नव्हता. त्यांची मजुरी बुडाली होती, पायांत साध्या चपला होत्या, कडेवर पोरं होती, भिसी-उमरेडच्या रस्त्यावरचा हिवाळा होता. आणि त्या चालत होत्या ते वाटेच्या शेवटी असलेलं दुकान बंद व्हावं म्हणून.

1 एप्रिल 2015 पासून चंद्रपुरात बंदी लागू झाली. 2021 मध्ये ती उठली. चोरटी दारू वाढली, तस्करी वाढली, पोरंटोरं त्यात अडकली, हे बंदी उठवताना सांगितलेलं कारण खोटं नव्हतं. आम्हीही ते डोळ्यांनी पाहिलं. तरीही बंदी उठली त्या दिवशी मला वाईट वाटलं आणि आजही वाटतं. कायदा नीट राबवता आला नाही म्हणून तो मागणाऱ्या बायका चुकीच्या ठरत नाहीत. आता गडचिरोलीकडचे लोक वैनगंगेचा पूल ओलांडून व्याहाडला येतात. नदी एकच, अलीकडे आणि पलीकडे कायदा वेगळा, आणि संध्याकाळी पुलावरून परतणाऱ्या मोटरसायकली.

इथे मला दुसरी बाजूही मांडलीच पाहिजे, कारण टोळीतल्याच माझ्या एका गोंड मैत्रिणीसमोर मी हे सगळं बोलते तेव्हा ती शांतपणे ऐकते आणि मग म्हणते, मोहाला का दोष देता? तिच्या घरी बारसं असो, लग्न असो की मयत, मोहाच्या दारूचे थेंब आधी जमिनीवर पडतात, देवांसाठी आणि वाडवडिलांसाठी. माडिया गावांत हंगामाचं नवं काही तोंडात घालण्याआधी पंडुम होतो, जंगलाला आधी विचारलं जातं. तिच्या आजीच्या पिढीत मोह वर्षभराचं अन्न होता. वाळवून ठेवायचा, पावसाळ्यात धान्य संपलं की शिजवून खायचा. बियांचं तेल निघायचं. ज्या झाडानं दुष्काळात माणसं जगवली त्याचं नाव आज फक्त भट्टीशी जोडलं जातं, याचं तिला दुःख होतं आणि ते खरं आहे. देवापुढे ओंजळभर सांडणारी दारू आणि पाटीखाली बाटलीबंद विकली जाणारी दारू यांत फरक आहे, असं ती म्हणते. मी मान डोलावते. सिस्टर म्हणतात, वळ दोन्हीचे सारखेच उठतात. दोघी एकमेकींवर रागावत नाहीत. पण यावर त्यांचं एकमत झालेलं मी पाहिलेलं नाही. आता बहुधा होणारही नाही, आणि तरीही त्या दोघी दर वेळी शेजारी शेजारीच बसतात.

आमची बसायची जागा पायथ्याजवळच्या एका गावात आहे. हॉटेल नव्हे, टपरीही नव्हे. एका मावशींची छपरी. शेतकरी मित्राच्या ओळखीनं आम्ही तिथे पहिल्यांदा पाणी प्यायला थांबलो होतो, मग चहा झाला, मग मावशीच म्हणाल्या, जेवून जा जी. आता आम्ही पैसे देऊन जेवतो, त्या हिशेबात कच्च्या नाहीत आणि आम्हालाही तेच बरं वाटतं. शेणानं सारवलेली जमीन, कोपऱ्यात एक बाज, दारात रांजण. सिस्टर बाजेवर आडव्या होतात. बाकीचे भिंतीला पाठ लावून पाय लांब करतात. बायका-पुरुष असा भेद राहत नाही, पाय सगळ्यांचेच सारखे दुखत असतात. बूट दाराबाहेर ओळीनं. मुलं मांजराच्या मागे. मावशींची सून पितळी तांब्यातून पाणी ओतत जाते आणि पहिला तांब्या रिकामा होईपर्यंत कुणी एक शब्द बोलत नाही. त्यानंतर मात्र डोंगरावर दाबून ठेवलेलं सगळं बोलणं एकदम फुटतं. मावशी आतून म्हणतात, आता आले हे.

जेवणात भात असतो. मोठ्या गंजातून वाफ निघते आणि ताटात पडणारा दाणा बारीक, मोकळा, जरा लांबट. हा एचएमटी. याच नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी 1983 मध्ये आपल्या शेतातल्या 'पटेल 3' धानात काही वेगळ्या लोंब्या हेरल्या, त्यांचं बी राखलं, वर्षानुवर्षं निवडत गेले आणि त्यातून हे वाण उभं राहिलं. जमीन जेमतेम दीड एकर. त्या वेळी लोकांच्या मनगटावर असलेल्या घड्याळाचं नाव त्या धानाला पडलं. पुढे ते राज्याबाहेरही पेरलं गेलं, त्यातून व्यापाऱ्यांनी पैसा केला आणि दादाजी गरीबच राहिले. 2018 मध्ये ते गेले. मावशींच्या छपरीत बसून हा भात खाताना शेतकरी मित्र दर वेळी दादाजींचं नाव काढतो. एक घास हातात धरून काढतो. तो हे सांगायला विसरला तर मला चुकल्याचुकल्यासारखं होईल.

भाताबरोबर वरण, वांग्याची रस्सा भाजी, सांबार म्हणजे कोथिंबीर घातलेला ठेचा, जवसाची चटणी. बोडीत मासे सापडले असतील तर त्यांचं कालवण. पावसाळ्यात आलो तर बांबूचे कोवळे वास्ते. बँकेतला मित्र, ज्याला बारमध्ये थांबायला आवडलं असतं, तो सगळ्यांत जास्त जेवतो आणि सगळ्यांत उशिरा उठतो. जेवण झाल्यावर पूर्वी दोघे-तिघे तंबाखू-सुपारीचा खर्रा काढत. सिस्टरांनी एकदा त्यांच्या तोंडात बॅटरीचा उजेड पाडून जबडा किती उघडतो ते तपासलं, त्यानंतर खर्रा छपरीत निघालेला नाही. मग गाणी होतात. कुणी वडश्याच्या मंडळीच्या नाटकातला प्रसंग करून दाखवतं. झाडीपट्टीतली नाटकं रात्रभर चालतात आणि आमच्यातल्या प्रत्येकाला निदान एका खलनायकाचा आवाज काढता येतो. सून दाराआड उभी राहून हसते, मग पुढे येऊन बसते.

परवा निघताना मी अंगणात वाळत घातलेल्या मोहाजवळ थांबले. चटईभर पसरलेली फुलं उन्हानं तांबूस होत आली होती. मला माहीत होतं की चिमूरच्या त्या मोर्चात मावशीही चालल्या होत्या. त्यांनीच एकदा सांगितलं होतं, टाचांना पडलेल्या भेगांसकट. मी विचारलं, हा मोह कुठे जाईल?

"येते व्यापारी. मोजून नेते."

"आणि मग तो काय करतो त्याचं?"

मावशींनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं. "तुमाले माईत नाई का जी?" मग वाकून त्या फुलं हातानं उलटवू लागल्या, खालची वर, वरची खाली. "लेकराची फी भराची हाये. झाडानं देल्लं, म्या येचलं. पुढचं म्या इचारत नाई." आणि थोडं थांबून, माझ्याकडे न बघता, "इचारलं तं घ्याले कोन येईल, तुमी?"

मी काय उत्तर दिलं असतं ते मला अजून सुचलेलं नाही. सिस्टर मागे उभ्या होत्या, त्यांनी ऐकलं होतं. त्यांनी पिशवी उघडली आणि दोन पायल्या मोह मोजून मागितला. लाडू करीन म्हणाल्या, भाकरीतही घालता येतो म्हणाल्या, माझी आई घालायची. गोंड मैत्रिणीनं लगेच पिशवी धरायला हात पुढे केला आणि तो कसा निवडायचा, मधले काळे केसर कसे काढायचे हे सांगायला लागली. बँकेतल्या मित्रानंही एक पायली घेतली, घरी कुणी खाईल की नाही याची त्याला खात्री नव्हती. व्यापारी नेतो त्याच्यापुढे हे काहीच नाही, हे आम्हा सगळ्यांना कळत होतं आणि मावशींना तर अधिकच. त्यांनी पैसे मोजून कमरेच्या पिशवीत ठेवले. पुढच्या खेपेला आदल्या दिवशी फोन करा जी, म्हणाल्या, किती माणसं ते समजलं म्हणजे भात उरत नाही. गाडीत बसल्यावर पुढचा डोंगर कुठला यावर वाद सुरू झाला. शेतकरी मित्राला टिपागड हवा होता, मुलांना पुन्हा पेरजागडच, आणि सिस्टर म्हणत होत्या की कुठेही चला, पण उतरल्यावर कुणाच्या घरी बसायचं ते आधी ठरवा.